रुग्णाचे डोळे आणि नजर तपासताना: नर्सिंगमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगचे विद्यार्थी, वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदर आणि उपकेंद्रांवरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकच प्रश्न चार तऱ्हांनी आला असेल तर तो एकदाच घेतला आहे. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांचा असतो. इथे विषय आहे तो बघण्याचा, विचारण्याचा आणि लिहिण्याचा.

१. डोळे तपासायला डोळ्यांचे डॉक्टर असतात. नर्सने हे शिकायचं कशाला?

डोळ्यांचे डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात रोज असतातच असं नाही, आणि पहाटे तीन वाजता रुग्णाच्या उशाशी तर तुम्हीच असता. निदान करणं तुमचं काम नाही. पण काल पेपर वाचणाऱ्या आजोबांना आज वाचता येत नाही, हे सगळ्यांत आधी तुमच्या लक्षात यायला हवं. शिवाय डोक्याचा मार, पक्षाघात, सर्पदंश, विषबाधा, गरोदरपणातला रक्तदाब अशी कितीतरी दुखणी डोळ्यांतच आधी दिसतात. आणि साधी गोष्ट म्हणजे, ज्याला नीट दिसत नाही तो रात्री बाथरूमला जाताना पडतो आणि इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे चुकीचे वाचतो. म्हणून प्रत्येक ॲडमिशनला नजरेबद्दल दोन प्रश्न तरी विचारलेच पाहिजेत.

२. तपासणीचा क्रम काय? आधी टॉर्च की आधी चार्ट?

आधी नजर. टॉर्च मारल्यावर रुग्णाला काही वेळ अंधारी येते, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर तर पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं. मग घेतलेली नजर ही खरी नजर नव्हे. म्हणून आधी विचारपूस: कधीपासून, एका डोळ्याला की दोन्ही, अचानक की हळूहळू, दुखतं का, चष्मा, ऑपरेशन, मार, मधुमेह, डोळ्यांत आधी काय घातलं. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. मध, तूप, आईचं दूध, शेजाऱ्याचे उरलेले थेंब, सगळं निघतं. त्यानंतर नजर, मग बाहेरून पापण्या आणि बुबुळ, मग बाहुल्या, डोळ्यांची हालचाल, आणि गरज असेल तर नजरेचा आवाका, म्हणजे सरळ बघताना चारही बाजूंचं कुठपर्यंत दिसतं ते. मारामारी किंवा अपघाताच्या केसमध्ये पहिल्या तपासणीच्या वेळची नजर लिहिलेली असणं फार महत्त्वाचं, कारण पुढे कोर्टात तोच कागद बोलतो. या क्रमाला मोठा अपवाद एकच, तो प्रश्न १२ मध्ये.

३. ६/६, ६/१८ म्हणजे नेमकं काय?

वरचा आकडा रुग्ण चार्टपासून किती मीटरवर बसला आहे तो. खालचा आकडा म्हणजे निरोगी डोळ्याला तीच ओळ जास्तीत जास्त किती मीटरवरून वाचता येते तो. म्हणजे ६/१८ वाल्या माणसाला सहा मीटरवर जाऊन जे दिसतं, ते चांगल्या नजरेच्या माणसाला अठरा मीटरवरून दिसतं. हा चार्ट डच डॉक्टर हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये बनवला. सर्वांत वरचं ६/६० चं अक्षर साधारण ८८ मिलिमीटर उंच असतं, तर ६/६ चं जेमतेम ९. झेरॉक्स काढताना चार्ट लहान-मोठा केला की सगळी मापं बिघडतात, त्यामुळे झेरॉक्सचा चार्ट भिंतीला लावण्यापूर्वी ही दोन अक्षरं पट्टीने मोजून घ्या.

ही टक्केवारी नाही. ६/१२ म्हणजे 'अर्धी नजर गेली' असं रुग्णाला सांगू नका. तो घरी जाऊन तेच धरून बसेल.

४. प्रत्यक्ष घ्यायची कशी? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

रुग्णाला सहा मीटरवर बसवा, चार्टवर उजेड भरपूर हवा आणि चार्ट डोळ्यांच्या पातळीला. आधी उजवा डोळा, मग डावा. हा नुसता रिवाज आहे, पण तो पाळला की नोंदीत उजव्या-डाव्याची गल्लत होत नाही. दुसरा डोळा तळहाताने किंवा झाकणीने झाका. बोटांनी झाकला की फटीतून डोकावणं होतं, आणि दाबून झाकला की तो उघडल्यावर काही वेळ धूसर दिसतं. मान वाकडी करतोय का, डोळे किलकिले करतोय का, हे बघायला चार्टकडे नाही, रुग्णाच्या तोंडाकडे बघत उभे राहा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ओळ उलटीकडून वाचून घ्या, कारण पहिल्याच वेळी ती पाठ झालेली असते. शाळकरी मुलं यात वस्ताद असतात.

ओळीतली निम्म्याहून जास्त अक्षरं बरोबर आली तर ती ओळ धरा आणि किती चुकली ते पुढे लिहा.

५. आमच्या वॉर्डात सहा मीटर जागाच नाही.

बहुतेक वॉर्डांची हीच गोष्ट. तीन मीटर जागा असेल तर समोर आरसा लावा आणि उलट्या अक्षरांचा चार्ट रुग्णाच्या डोक्यामागे टांगा. उजेडाचं जाऊन-येऊन अंतर सहा मीटर होतं. किंवा तीन मीटरचा तयार चार्ट मिळतो तो वापरा. मात्र सहा मीटरचा चार्ट तीन मीटरवरून वाचून घेऊन ६/६ लिहू नका. ते ३/६ झालं.

रुग्ण खाटेवरून उठू शकत नसेल तर जवळचा चार्ट साधारण ३३ ते ४० सेंटिमीटरवर धरा. चाळिशीच्या पुढचा असेल तर वाचायच्या चष्म्यासकट. तोही नसेल तर वर्तमानपत्र: 'मथळा वाचला, खालचा मजकूर वाचता आला नाही' ही नोंदसुद्धा कोऱ्या रकान्यापेक्षा लाख पटीने बरी.

६. पेशंटला अक्षरओळख नाही. लहान मुलांचं काय करायचं?

अक्षर न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या 'ई' चा चार्ट असतो. रुग्णाने फक्त हाताच्या बोटांनी दिशा दाखवायची. 'वाचता येतं का?' असं चारचौघांत विचारू नका. सरळ ई चार्टच पुढे करा. अडाणी म्हणवून घ्यायच्या लाजेने 'दिसत नाही' म्हणणारे पुष्कळ असतात, आणि मग त्यांची नजर कागदोपत्री उगाच कमी लागते. देवनागरी अक्षरांचे चार्टही मिळतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला ई चा खेळ जमतो, आधी जवळून एकदा खेळून घ्या. त्याहून लहानांसाठी चित्रं. तान्ह्या बाळाने साधारण तीन महिन्यांपर्यंत चेहऱ्यावर नजर स्थिर करून तो फिरेल तसे डोळे फिरवायला हवेत. आवाज न करता फिरा, नाहीतर ते कानाने वळतं. एक सोपी युक्ती अशी: बाळाचा एकेक डोळा हलकेच झाका. एक झाकला तर खुशाल खेळतं आणि दुसरा झाकला की हात झटकून रडतं, असं होत असेल तर उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याला कमी दिसत असावं. आणि आई म्हणाली की फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकते, तर ती तक्रार त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे. त्यामागे डोळ्यातली गाठ असू शकते.

७. सर्वांत वरचं अक्षरही दिसत नाही. आता काय लिहू?

'नजर नाही' असं लिहू नका. रुग्णाला एकेक मीटर पुढे आणा: पाच मीटरवर दिसलं तर ५/६०, मग ४/६० असं १/६० पर्यंत. तरी नाही, तर बोटं मोजायला सांगा आणि किती अंतरावरून ते लिहा. तेही नाही, तर डोळ्यासमोर हात हलवून 'हात हलतोय का थांबलाय?' असं विचारा. पण हाताचा वारा चेहऱ्याला लागू देऊ नका. तेही नाही, तर अंधाऱ्या जागी दुसरा डोळा तळहाताने पक्का झाकून टॉर्च: उजेड कळतो का, आणि वर, खाली, उजवीकडून, डावीकडून कुठून येतो ते कळतं का. उजेडसुद्धा कळत नाही ही नोंद फार जड असते. ती दोनदा खात्री करून, चांगल्या टॉर्चनेच करा.

या पायऱ्यांवर सरकारी व्याख्याही उभ्या आहेत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आधी चांगल्या डोळ्याची नजर ६/६० पेक्षा कमी म्हणजे अंधत्व मानत. २०१७ पासून ती सीमा ३/६० पेक्षा कमी अशी आहे. दाखला देणं आपलं काम नाही, पण 'सहा मीटरवर दिसलं नाही' एवढ्यावर थांबलेली नोंद कुणाच्याच कामाची नाही, हे यावरून कळेल.

८. नजर चष्मा लावून घ्यायची की काढून? आणि पिनहोल कशासाठी?

दोन्ही घ्या आणि दोन्ही लिहा. एकच घ्यायला वेळ असेल तर नेहमीच्या चष्म्यासह. तो चष्मा त्याचाच आहे ना, हे विचारायला विसरू नका. घरात एकच चष्मा दोघांत फिरत असतो.

नजर ६/९ किंवा त्याहून कमी आली की बारीक छिद्रातून बघायला लावा. छिद्र साधारण १.२ मिलिमीटरचं हवं. तयार पिनहोल नसेल तर जाड काळ्या पुठ्ठ्याला १८ नंबरच्या सुईने आरपार भोक पाडा, माप जवळपास तेच येतं. छिद्रातून दोन-तीन ओळी जास्त वाचल्या तर बहुधा चष्म्याचा नंबर. काहीच फरक नाही किंवा आणखी कमी दिसलं, तर मोतीबिंदू, डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना), किंवा डोळ्याची नस यांपैकी काहीतरी. अशा रुग्णाला 'चष्मा बदलून घ्या' सांगून घरी पाठवू नका.

९. बाहुल्या तपासताना नेमकं काय बघायचं? आम्ही सगळेच 'दोन्ही सारख्या, प्रतिसाद आहे' असं लिहितो.

तेच तर दुखणं आहे. डोकं फुटलेल्या रुग्णाच्या चार्टवर तासातासाला तेच वाक्य, आणि एक डोळा चक्क कृत्रिम, असं घडतं.

खोलीतला उजेड थोडा कमी करा. रुग्णाला लांब बघायला सांगा, कारण जवळ बघितलं की बाहुली उजेडाशिवायही आकसते. म्हणून मोबाइलचा फ्लॅश टाळा: तो डोळ्यांत खुपतो आणि रुग्ण नेमका मोबाइलकडेच बघतो. आधी टॉर्चशिवाय आकार बघा, मिलिमीटरमध्ये लिहा, छापील पट्टी शेजारी धरा. मग टॉर्च बाजूने आणा. त्या डोळ्याची बाहुली लगेच आकसली का, मंदपणे, की हललीच नाही? त्याच वेळी दुसऱ्या डोळ्याचीही आकसायला हवी.

शेवटी टॉर्च एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग झटकन दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. टॉर्च आल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरायला लागली तर त्या डोळ्याच्या पडद्यात किंवा नसेत मोठा बिघाड आहे. पिकलेला मोतीबिंदू कितीही पांढराशुभ्र असो, एकट्या मोतीबिंदूने हे होत नाही. ऑपरेशनच्या यादीतल्या रुग्णात असं दिसलं तर सर्जनना आधीच सांगा, नाहीतर ऑपरेशननंतर 'दिसत का नाही' हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो.

१०. एक बाहुली मोठी, एक लहान. लगेच फोन करू का?

शुद्ध हरपत चालली आहे, डोक्याला मार आहे, किंवा अचानक तीव्र डोकेदुखीसह एक पापणी खाली आली आहे: फोन आत्ता, नोंद नंतर. नव्याने मोठी झालेली, उजेडाला न हलणारी बाहुली मेंदूवरच्या दाबाची खूण असू शकते, आणि तिथे मिनिटं मोजली जातात.

रुग्ण शुद्धीवर, गप्पा मारतोय, आणि तुम्हाला सहज फरक दिसला, तर कळवायचं आहेच, पण आधी हे बघून घ्या. फरक १ मिलिमीटरपर्यंत आणि उजेडात-अंधारात सारखाच असेल तर तो जन्माचाही असू शकतो. दर पाच माणसांमागे साधारण एकात असा असतो. आधार कार्डावर नाही कळणार, पण मोबाइलमधला जुना मोठा फोटो बघा. मोतीबिंदूचं जुनं ऑपरेशन झालेली बाहुली वेडीवाकडी असू शकते. कृत्रिम डोळा नातेवाइकांना विचारला की कळतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते का? आणि एक गोष्ट पुस्तकात पटकन सापडत नाही: इप्राट्रोपियम या दम्यावरच्या औषधाचं नेब्युलायझेशन (मास्कमधून वाफ देणं) चालू असताना मास्क एका बाजूने सैल असेल, तर औषधाची वाफ त्या डोळ्यात जाऊन तीच बाहुली मोठी होते. दम्याचा रुग्ण, एक बाहुली मोठी, बाकी सगळं ठीक: आधी मास्क बघा, कळवताना तेही सांगा.

म्हणूनच डोक्याला मार लागलेल्या रुग्णात बाहुली मोठी करणारे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नाहीत. आधीच घातले गेले असतील तर औषध आणि वेळ केस पेपरच्या वर लाल शाईने.

११. फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश या दोन्हींत डोळे बघा म्हणतात. काय बघायचं?

फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांनी बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, छातीत घरघर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतमजुरांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली, तेव्हापासून विदर्भातल्या कॅज्युअल्टीत हे चित्र कुणाला नवीन नाही. ॲट्रोपिन हा उतारा सुरू झाल्यावर अनेक जण बाहुली मोठी होण्याची वाट बघतात. तसं करू नका. छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, बीपी टिकलं का, हे खरे निकष. औषध थेट डोळ्यात उडालं असेल तर बाकी सगळं सुधारूनही बाहुली बराच काळ बारीक राहू शकते. याउलट धोत्रा खाल्लेल्या मुलाच्या बाहुल्या टपोऱ्या आणि तोंड कोरडं.

नाग किंवा मण्यार चावल्यावर पहिली खूण बहुधा पापण्यांत दिसते. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूण सापडतही नाही. सकाळी पोटात दुखतं म्हणून माणूस येतो आणि बोलताना डोळे मिटत जातात. सोबतचे म्हणतात, 'झोप झाली नाही त्याची.' अशा रुग्णाला मान न हलवता वर बघायला सांगा आणि मिनिटभर तसंच बघत राहायला लावा. पापण्या हळूहळू खाली घसरल्या, एकाचे दोन दिसू लागले, उशीवरून मान उचलता येईना, एका श्वासात आकडे म्हणताना धाप लागली: धावपळ करायची वेळ झाली. पापणी किती खाली आली ते शब्दांत नको. सरळ बघताना बुबुळाचा किती मिलिमीटर भाग उघडा दिसतो ते पट्टीने मोजून वेळेसह लिहा. लुळेपणावरचं निओस्टिग्मिन दिल्यावर फायदा झाला की नाही ते याच आकड्यावरून ठरतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा. मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळ्या पडलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर असू शकतात. तरी तो शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो. त्या बाहुल्यांवरून 'संपलं' असं त्याच्या खाटेशेजारी कुणी बोलू नये, तुम्हीही नाही आणि नातेवाइकांनीही नाही. काही करायच्या आधी त्याला नावाने हाक मारून सांगा.

१२. डोळ्यात चुना, ॲसिड, फिनाइल गेलं. आधी नजर घ्यायची ना?

नाही. आधी धुवायचं. केस पेपर, नजर, फोन, सगळं नंतर.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलाने दाबली आणि फुटून डोळ्यात उडाली, हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात. चुना अल्कली आहे; अल्कली ॲसिडपेक्षा खोल शिरते आणि धुतल्याशिवाय थांबत नाही. रुग्णाला त्या बाजूवर वळवा, नॉर्मल सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटच्या बाटलीला आयव्ही सेट लावून धार नाकाकडून कानाकडे सोडा. सलाइन आणायला वेळ लागत असेल तर नळाचं पाणी. निदान अर्धा तास. मुलाला चादरीत गुंडाळून दुसऱ्याने धरायला हवं, कारण डोळा घट्ट मिटलेला असतो आणि धार नुसती गालावरून वाहते. वरची पापणी उलटी करा. चुन्याचे पांढरे कण तिथेच दडून बसतात, ओल्या बडने ते काढा. धुणं थांबवून पाच मिनिटांनी पीएच पट्टी खालच्या पापणीत टेकवा. ७ ते ७.४ च्या आसपास आला नाही तर पुन्हा धुवा. दुसरा डोळा बरा असेल तर त्याच्याशी ताडून बघा. मग नजर घ्या.

उलट डोळ्याला टोकदार वस्तूने भोक पडलं असेल तर धुवायचं नाही, मलम नाही, दाबून पट्टी नाही. वरून कागदी कपासारखं काही टेकवून चिकटपट्टी लावा, तोंडाने काही देऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा आणि पाठवा.

१३. लाल डोळा दिसला की सगळे 'डोळे आलेत' म्हणतात. घाबरायचं कधी?

चिपडं, खाज, आधी एक मग दुसरा, नजर जशीच्या तशी: हे बहुधा डोळे येणंच. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुणे भागात आणि पुढे राज्यभर जी साथ आली, तेव्हा ओपीडीत हेच दिसत होतं. अशा वेळी झाकणी, टॉर्च, तुमचे हात दर रुग्णानंतर स्वच्छ करा. नजर तपासण्याच्या रांगेतूनच साथ पसरू शकते.

खरी वेदना, नजर कमी, उजेड सहन न होणं, बुबुळ गढूळ किंवा त्यावर पांढरा ठिपका, बाहुलीचा आकार बदललेला, कॉन्टॅक्ट लेन्स, मार: यांतलं एक जरी असेल तर तो साधा लाल डोळा नव्हे. ऊसतोडीच्या हंगामात 'उसाचं पात लागलं होतं' हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. पात्याच्या ओरखड्यात बुरशी शिरते, आणि मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली चार दिवस कमी होऊन आतली जखम वाढते. रुग्णाकडची बाटली मागून घ्या आणि तिच्यावरचं नाव लिहा.

आणखी एक फसवा प्रकार: साठीची बाई, डोकं फुटतंय, उलट्या, 'पित्त झालंय' म्हणून मेडिकल वॉर्डात. डोळा लाल, बाहुली अर्धवट मोठी, उजेडाला हलत नाही, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. हा काचबिंदूचा झटका असू शकतो आणि तासातासाला नजर जाते. उलट नुसता रक्ताचा लालभडक डाग, दुखत नाही, नजर ठीक, मार नाही: तो दिसतो भयंकर, पण साधारण दोन आठवड्यांत विरतो. बीपी घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारा.

१४. पक्षाघाताचा रुग्ण ताटातलं एका बाजूचंच जेवतो. हट्ट आहे का?

हट्ट नाही. ताटाच्या डावीकडची भाजी-कोशिंबीर तशीच आणि उजवीकडचं सगळं संपलेलं, असं दिसलं तर नजरेचा आवाका तपासा. रुग्णासमोर साधारण हातभर अंतरावर, डोळ्याला डोळा समपातळीत येईल असे बसा. त्याचा उजवा डोळा झाकलेला तर तुमचा डावा. त्याने तुमच्या नाकाकडे बघायचं. तुम्ही दोघांच्या मधोमध बोट बाहेरून आत आणायचं आणि तुम्हाला दिसलं तेव्हा त्यालाही दिसतं का ते विचारायचं. चारही कोपरे, दोन्ही डोळे.

एका बाजूचं दिसत नाही असा रुग्ण बहुतेक वेळा मान वळवून काम भागवतो. त्या बाजूचं भानच नाही असा रुग्ण वळत नाही, त्या बाजूची दाढीही राहून जाते. दोन्ही एकत्रही असतात. कोणताही प्रकार असो, घंटी आणि पाण्याचा ग्लास दिसणाऱ्या बाजूला ठेवा आणि हे पुढच्या ड्यूटीला सांगा.

१५. टीबीच्या गोळ्यांनी नजर जाते हे खरं का?

एथॅम्ब्युटॉलने डोळ्याची नस सुजू शकते. सगळ्यांना होत नाही, पण सध्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात साध्या टीबीलाही एथॅम्ब्युटॉल पूर्ण सहा महिने असतं, म्हणून प्रत्येक महिन्याच्या भेटीत विचारायचंच. किडनी कमजोर असलेल्यांत धोका जास्त. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. रुग्ण म्हणतो, 'धुरकट दिसतं' किंवा 'लाल रंग विटल्यासारखा दिसतो'. औषध सुरू करतानाच नजर आणि इशिहाराच्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकावर रंग तपासून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? लहान मुलं तक्रार सांगत नाहीत, त्यांच्याबाबत आईला विचारा. तक्रार असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गोळ्या स्वतःहून थांबवायला सांगू नका.

१६. मधुमेही म्हणतो, 'मला स्वच्छ दिसतं, मग डोळे कशाला तपासू?'

पडद्यावर बरंच काही बिघडूनही नजर ६/६ असू शकते. म्हणून टाइप २ चा मधुमेह कळला त्याच वेळी पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी. टाइप १ मध्ये पहिली तपासणी पाच वर्षांनी. थेंब घालून तपासायचं असेल तर गाडी चालवत येऊ नका हे आदल्या दिवशीच सांगा. साखर वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबरही वर-खाली होतो. ती स्थिरावल्यावर नंबर काढावा, नाहीतर चष्मा महिन्याभरात फुकट जातो.

१७. गरोदर बाईला डोळ्यांपुढे काजवे चमकतात. अशक्तपणा असेल ना?

अशक्तपणा धरून चालू नका. पाचव्या महिन्यानंतर काजवे, धूसर दिसणं, डोकेदुखी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं: आधी बीपी, लगेच लघवीतलं प्रोटीन, आणि डॉक्टरांना बोलावणं. फिटचा झटका यायच्या आधीची ही सूचना असू शकते. चार्ट वाचून घेण्यात वेळ घालवू नका. रक्त कमी आहे का तेही याच वेळी खालची पापणी ओढून बघा, पण दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली फिकटपणाही कळत नाही आणि कावीळही. कावीळ बघताना रुग्णाला खाली बघायला लावून वरचा पांढरा भाग बघा. कोपऱ्यांतला चरबीचा पिवळसरपणा वयस्कर माणसांत नेहमीचा असतो.

१८. बेशुद्ध रुग्णाचे डोळे सुजून मिटलेत. जीसीएसमध्ये (शुद्धी मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये) डोळ्यांना १ देऊ का?

नको. १ म्हणजे उघडू शकत असूनही कशालाच उघडत नाही. सुजेने मिटलेले असतील तर आकडा न देता 'सूज, तपासता येत नाही' असं लिहा. युनिटमध्ये त्यासाठी ठरलेलं अक्षर असेल तर ते वापरा. उगाच दिलेल्या १ ने एकूण गुण घसरतात आणि रुग्ण आहे त्यापेक्षा गंभीर वाटतो.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या पापण्या पूर्ण मिटतात का ते प्रत्येक पाळीत बघा. पांढरा भाग उघडा राहिला तर मलम किंवा जेल, बुबुळ उघडं राहिलं तर त्याशिवाय पापणी चिकटपट्टीने मिटवणं, तुमच्या युनिटच्या पद्धतीप्रमाणे. बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत. माणूस जिवावरच्या दुखण्यातून उठतो आणि बुबुळात फूल पडलेलं असतं.

१९. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी जाणाऱ्या बाळाच्या डोळ्यांचं आम्ही काय बघायचं?

टॉर्चने काही दिसणार नाही. तारीख बघायची. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. ती तारीख काढून डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा आणि आईकडून म्हणवून घ्या. घरी गेल्यावर वजन वाढतं, बाळ गुटगुटीत दिसतं आणि तपासणी राहून जाते.

२०. आजोबांना भिंतीपाशी माणसं दिसतात. सून म्हणते बाहेरचं लागलंय, डॉक्टर म्हणतात भ्रम (आजारपणात अचानक येणारा गोंधळ, डिलिरियम). डोळ्यांचा काही संबंध?

असू शकतो. नजर खूप कमी झालेल्या माणसाला नसलेली चित्रं दिसतात: माणसं, मुलं, जाळी, फुलं. आवाज येत नाहीत, आणि बहुतेक वेळा 'हे खरं नाही' हे त्याला स्वतःला ठाऊक असतं. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये मोतीबिंदू असलेल्या आपल्या आजोबांचं असं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून त्यांचंच नाव पडलं आहे.

तुम्ही तीन गोष्टी करा. दोन्ही डोळ्यांची नजर घ्या (प्रश्न ४ ते ७). वेळ, जागा, माणसं ओळखतात का ते बघा. ताप, सोडियम, साखर, नवीन गोळ्या, लघवी अडकणं यांकडे लक्ष द्या, कारण कालपर्यंत बरा असलेला माणूस आज बरळत असेल तर तो भ्रमच समजून डॉक्टरांना कळवायचं. आणि आजोबांना एकटं गाठून सरळ विचारा, 'ती माणसं बोलतात का? खरी वाटतात का?' वेडा ठरवतील या भीतीने ते घरच्यांना सांगत नाहीत. उत्तर त्यांच्याच शब्दांत, नजरेच्या आकड्यांशेजारी लिहा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रेफर करायला सांगा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननंतर ही माणसं कित्येकदा निघूनही जातात.